त्या माउलीच्या ओट्यावर पुन्हा जा

प्रिय बाळा,



तुझं पत्र दोनदा वाचलं. मंडळीतला एक तरुण मुलगा अपघातात गेला, दुसऱ्या दिवशी दफनविधी, हाताशी एकच रात्र, आणि संदेश सुचेना म्हणून तू तो चॅटजीपीटीकडून लिहून घेतलास. लोकांनी वाखाणला. पण त्या मुलाच्या आईने तुझे हात धरून ‘तुमच्या शब्दांनी आधार मिळाला’ असं म्हटलं, तेव्हा तुला तिच्याकडे पाहवलं नाही. ‘मामा, हे पाप आहे का?’ असं तू विचारतोस.

बाळा, मदत घेणं पाप नाही. मीही आयुष्यभर टीकाग्रंथ चाळून, जुन्या पाळकांची टिपणं वाचूनच व्यासपीठावर चढलो. पण टीकाग्रंथ माझ्याऐवजी कधी रडला नाही. त्या माउलीला वाटलं, हे शब्द आपल्या लेकरासाठी कुणाच्या तरी पोटातून आले. ते तसे आले नव्हते. तुला टोचतंय ते हेच, आणि टोचतंय याचं मला समाधान आहे.

ईयोबाचं पुस्तक पुन्हा उघड. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तिघे मित्र आले आणि सात दिवस, सात रात्री एक शब्दही न बोलता त्याच्याजवळ जमिनीवर बसले. त्यांच्या हातून घडलेलं सगळ्यात चांगलं काम तेवढंच. नंतर ते बोलू लागले. त्यांची भाषणं रेखीव होती, धार्मिक होती, तरी शेवटी देवाने त्यांनाच दोष दिला. दुःखाबद्दल सर्वसाधारणपणे जे बोललं जातं, ते त्यांनी एका विशिष्ट माणसाच्या जखमेवर ठेवलं. हे यंत्रही असंच चालतं. असंख्य माणसांनी लिहून ठेवलेल्या मजकुरावर ते घडवलेलं असतं, आणि पुढे कोणता शब्द बसेल याचा हिशोब करत ते वाक्य जुळवतं. तो मुलगा शाळेतून येताना कुठल्या पारावर थांबायचा, हे त्याला ठाऊक नसतं. तुला ठाऊक नव्हतं, पण तू विचारू शकला असतास.

आता बेथानीला चल. लाजाराला आपण उठवणार आहोत हे प्रभूला माहीत होतं. उत्तर त्याच्या हाती होतं, तरी मरीयेला रडताना पाहून तोही रडला. आपल्या विश्वासाचं मर्म मला तिथे दिसतं. देवाने नुसतं उत्तर धाडलं नाही, तो देह धरून आला. थकला, भुकेला राहिला, मेला. ज्याला देह नाही, मरण नाही, ज्याचं काही हरवत नाही, ते सांत्वनाचे शब्द देऊ शकेल. सोबत बसणं त्याच्याने होणार नाही.

तू पुढे लिहितोस, ‘यंत्र माझ्याहून हुशार झालं तर देवाच्या प्रतिमेचं काय उरलं?’ यावर तुझ्या आजीची आठवण काढ. शेवटची तीन वर्षं तिला आपली नावंही आठवत नव्हती. हुशारी हीच देवाची प्रतिमा असती, तर ती रोज थोडी थोडी पुसली गेली असती. पण तुझी आई तिचे केस विंचरायची तेव्हा त्या खाटेवर पूर्ण माणूस होता, आणि त्याची जबाबदारी आपल्या सगळ्यांवर होती. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देवाने माणसाला आपल्या प्रतिमेप्रमाणे घडवलं, तेव्हा त्याची परीक्षा घेऊन गुण दिले नव्हते. आपण कुणीतरी हाक मारलेली माणसं आहोत. म्हणून तान्हं बाळही माणूस, मतिमंद मूलही माणूस, भ्रमिष्ट म्हातारीही माणूस.

आपण प्रोटेस्टंट असलो तरी व्हॅटिकनने 28 जानेवारी 2025 रोजी काढलेलं ‘अँटिक्वा एट नोव्हा’ हे टिपण अवश्य वाच. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या या तंत्राला मानवी बुद्धीचं दुसरं रूप समजू नका, ते मानवी बुद्धीने घडवलेली वस्तू आहे, असा त्याचा आशय आहे. ते वाचून माझी भीतीही कमी झाली आणि भुरळही.

तुझ्या टेबलावर पंडिता रमाबाईंचं मराठी पवित्र शास्त्र आहे. खेड्यातल्या बायांना कळेल अशा मराठीत शास्त्र हवं, म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि वर्षानुवर्षं केडगावला भाषांतर करत बसल्या. 1921 मध्ये त्यांची मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्या वारल्या, त्याच्या थोडंच आधी ते पुरं झालं. आज यंत्र एखादा अध्याय क्षणात भाषांतरित करील, आणि जिथे शास्त्र पोहोचलं नाही त्या भाषांसाठी त्याची मदत झाली तर मी देवाचे आभारच मानीन. पण रमाबाई ‘विधवा’ आणि ‘अनाथ’ हे शब्द लिहीत, तेव्हा त्या स्वतः विधवा होत्या, आईवडील त्यांनी दुष्काळात गमावले होते, आणि खिडकीबाहेर मुक्ती सदन या त्यांच्या आश्रमाच्या अंगणात तशाच शेकडो मुली वावरत होत्या. त्या वर्षांत पुस्तक तयार झालं, तशी ती बाईही घडत गेली. संदेश तयार करताना तुझंही काहीतरी घडायचं असतं, बाळा. ती रात्र दुसऱ्याला देऊन टाकू नकोस.

म्हणून चार गोष्टी पाळ. शास्त्रपाठ आधी तू वाच, घरभेट आधी तू दे, मग हवं तर यंत्राला एखाद्या शब्दाचा अर्थ किंवा संदर्भ विचार. आणि ते जे सांगेल ते पडताळून पाहा, कारण नसलेलं वचनही ते बेधडक सांगतं. कुणी विश्वासाने तुझ्याकडे उघड केलेलं मन त्याच्यात कधीही टाकू नकोस. जे तुझं नाही ते तुझं म्हणून व्यासपीठावर मांडू नकोस. आणि प्रार्थना त्याच्याकडून लिहून घेऊ नकोस. अडखळलास तरी चालेल. आपले शब्द संपतात तिथे आत्मा कण्हून मध्यस्थी करतो, असं पौलाने रोमकरांना लिहिलंच आहे.

आता येत्या आठवड्यात त्या माउलीकडे पुन्हा जा. कागद, मोबाईल काही नेऊ नकोस. तो संदेश कसा लिहिला गेला हे तिला खरं सांग. ती रागावली तर ऐकून घे. मग मुलाबद्दल विचार, आणि ती बोलेल तितका वेळ ओट्यावर बस. पहिल्या संदेशात राहिलं होतं ते तुला ती स्वतःच सांगेल.

प्रभू तुझ्याबरोबर असो.

तुझा,
मामा