डागाळलेले दात

कुणाचे दात डागाळलेले दिसले की आपण चटकन म्हणतो, ‘हा दात घासत नाही.’ आमच्या बरकतपुऱ्याहून सुमारे 100 किलोमीटरांवर असलेल्या नलगोंड्याच्या परिसरात हा निवाडा अन्यायाचा ठरतो. तेथील पुष्कळ गावांत खडकातील फ्लोराइड हे द्रव्य विहिरींच्या व कूपनलिकांच्या पाण्यात उतरते. लिटरमागे 1.5 मिलिग्रॅम ही त्याची कमाल मर्यादा होय. अल्प प्रमाणात ते दातांस हितकारकच असते. परंतु हिरडीखाली कायमचे दात घडत असता, म्हणजे पहिल्या सातआठ वर्षांत, ते अधिक पोटात गेल्यास दातांचे कवचच सदोष घडते. त्यावर प्रथम खडूसारखे पांढरे व पुढे तपकिरी पट्टे दिसतात. घासून ते कसे जाणार? उलट राखुंडी किंवा कोळशाची पूड रगडल्याने कवच मात्र झिजते.

आधुनिक दंतवैद्य हे डाग फिके करतात, किंवा दातावर चिनी मातीचा पातळ पापुद्रा बसवितात. हसताना तोंडावर हात धरणाऱ्या मुलीच्या बाबतीत याला नखरा म्हणणे आम्हांस पटत नाही. तथापि दाताचे रूप पालटले तरी विहिरीचे पाणी तेच राहते, आणि फ्लोराइड फारच अधिक असले तर हाडेही वाकतात. नागपूरच्या ‘नीरी’ या संशोधनसंस्थेने तुरटी व चुना घालून ते गाळासह खाली बसविण्याची रीत काढली. तिचे नावच ‘नलगोंडा पद्धत’. (तुरटी तर आपल्या घरोघरी असते!) 2016 पासून ‘मिशन भगीरथ’ योजनेतून या भागात शुद्ध केलेले पाणी नळाने येऊ लागले. ज्यांचे दात त्यापूर्वीच घडले होते, त्यांचे डाग मात्र राहिले.