दुधाच्या टाकीवरील काळवंडलेला जोड : कारणे व उपाय

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पैठण, गंगापूर, वैजापूर, सिल्लोड इत्यादी तालुक्यांत अनेक शेतकरी कुटुंबे शेतीस जोडधंदा म्हणून दुभती जनावरे पाळतात. गावी गोळा होणारे दूध नासू नये म्हणून ते ४ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून ठेवावे लागते. याकरिता लागणाऱ्या टाक्या व नळ्या स्टेनलेस स्टीलच्या म्हणजे निष्कलंक पोलादाच्या असतात. टाकीस चीर गेली किंवा नळीचे तोंड निखळले म्हणजे ती टिग पद्धतीच्या वेल्डिंगने दुरुस्त करून घेतात. परंतु पुष्कळदा दुरुस्तीनंतर जोडाच्या कडेस निळा, जांभळा किंवा काळा पट्टा उमटतो. ‘जोड गळत नाही, मग रंगाचे काय ?’ असे म्हणून त्याकडे दुर्लक्ष केले जाते. पुढे त्याच जागी तांबेरल्यासारखे डाग पडतात, दुधाचा थर धरू लागतो व टाकी धुऊनही वास जात नाही. म्हणून या रंगाचा अर्थ समजून घेणे हितावह आहे.

रंग का येतो ?

दुग्धव्यवसायात सामान्यतः वापरल्या जाणाऱ्या ३०४ क्रमांकाच्या स्टेनलेस स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते. क्रोमियमचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन पत्र्यावर डोळ्यांस न दिसणारा अतिशय पातळ थर तयार होतो. हा थरच पोलादाचे गंजापासून रक्षण करतो. वेल्डिंगच्या वेळी धातू अत्यंत तापतो. अशा तप्त धातूस हवा लागली की हा थर जाड होत जातो व त्याच्या जाडीप्रमाणे रंग दिसू लागतात. या जाड थराखालील धातूत मात्र क्रोमियम कमी होते. त्यामुळे वरून रंगीत दिसणारा भाग आतून दुबळा झालेला असतो. रंग हा केवळ दिसण्याचा दोष नसून धातूचे संरक्षण कमी झाल्याची ती खूण होय.

रंगाची परीक्षा

(१) रुपेरी किंवा फिकट गवती रंग : जोड उत्तम.
(२) गडद सोनेरी रंग : उष्णता किंवा हवा किंचित अधिक लागली. दुधाच्या बाजूस असल्यास साफ करावा.
(३) जांभळा व निळा रंग : उष्णता फार झाली अथवा आर्गॉन वायूचे आच्छादन लवकर सुटले. दुधाच्या बाजूस असा जोड तसाच ठेवू नये.
(४) राखाडी, काळा व खरबरीत : आच्छादन जवळजवळ नव्हतेच. असा जोड घासून काढून पुन्हा करावा.

हवेचा अंश किती थोडा असला तरी बाधतो, हे अमेरिकन वेल्डिंग सोसायटीच्या नमुनातक्त्यावरून दिसून येते. त्यात नळीच्या आतील वायूमधील प्राणवायू दहा लाख भागांत १० भागांपासून २५,००० भागांपर्यंत, म्हणजे अडीच टक्क्यांपर्यंत, वाढवीत नेला असून त्याबरोबर जोड कसकसा काळवंडत जातो हे दाखविले आहे.

दोष कोठे आहे ते कसे शोधावे ?

प्रथम त्याच जातीच्या स्वच्छ पत्र्याचा तुकडा घ्यावा. त्यावर तार न देता काही सेकंद ज्योत धरावी, ती बंद करावी व वायू थांबेपर्यंत टॉर्च जागचा हलवू नये. ठिपका चकचकीत आला तर वायू व टॉर्च ठीक असून दोष कामाच्या पद्धतीत आहे. ठिपका काळा आला तर दोष वायूच्या मार्गात आहे, असे समजावे.

वायूच्या मार्गातील दोष : नळीच्या जोडांवर साबणाचे पाणी लावून गळती पाहावी. टॉर्चच्या तोंडाची चिनी मातीची टोपी तडकलेली नसावी. आर्गॉनचा प्रवाह सामान्यतः मिनिटास ८ ते १२ लिटर ठेवावा. प्रवाह वाढविला म्हणजे संरक्षण वाढते, ही समजूत चुकीची आहे. अति वेगाने सुटणारा वायू घुसळला जाऊन बाहेरची हवा आत ओढतो. पंखा बंद करावा व उघड्यावर काम असल्यास वाऱ्यास आडोसा करावा. ज्योत बंद झाल्यावर वायू आणखी सुमारे १० ते १५ सेकंद चालू राहिला पाहिजे. टंगस्टनची कांडी निळी वा काळी पडत असेल, तर वायू लवकर थांबतो आहे असे ओळखावे.

पद्धतीतील दोष : पत्र्याच्या प्रत्येक मिलिमीटर जाडीस सुमारे ३० ते ४० ॲम्पिअर विद्युत्प्रवाह बहुधा पुरतो. प्रवाह फार व हात सावकाश, असे झाले की जोड निळा पडतो. ज्योत आखूड ठेवावी व टॉर्च फार तिरपा करू नये. तारेचे तापलेले टोक वायूच्या आच्छादनाबाहेर काढू नये. लांब जोड एका दमात न करता थोडा थोडा करून निवू द्यावा. मागे तांब्याची पट्टी लावल्यास ती उष्णता शोषून घेते. तेल, रंग व दुधाचा जुना थर आधी पूर्णपणे काढावा.

आतील बाजूची काळजी

टाकी बाहेरून जोडली जाते, परंतु दूध आतील बाजूस लागते. बाहेरून जोड सुरेख दिसला तरी आत हवा असल्यास तेथे साखरेच्या दाण्यांसारखी काळी, खरबरीत पुटे धरतात. त्यांच्या फटींत दूध अडकून जंतू वाढतात व सर्व गावाचे दूध नासण्याचा धोका राहतो. म्हणून जोडाच्या मागील बाजूसही आर्गॉन भरावा. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने तो खालून सोडावा व हवा वरच्या छिद्रातून बाहेर जाऊ द्यावी.

येथे एक सूचना अत्यंत महत्त्वाची आहे. आर्गॉनला रंग नाही, वास नाही. तो भरलेल्या टाकीत माणूस उतरल्यास प्राणवायूअभावी काही क्षणांत बेशुद्ध होऊन दगावू शकतो. पुरेशी हवा खेळती केल्यावाचून व बाहेर दुसरा माणूस उभा असल्यावाचून कोणीही आत उतरू नये. आतील माणूस पडल्यास त्याला काढण्याकरिताही एकदम आत उडी घेऊ नये.

साफसफाई

फिकट रंग स्टेनलेस स्टीलच्याच तारेच्या ब्रशाने काढता येतो. लोखंडावर वापरलेला ब्रश किंवा चाक वापरल्यास लोखंडाचे कण रुतून तेथे गंज धरतो. गडद रंग काढण्यासाठी मिळणाऱ्या आम्लयुक्त लेपात नायट्रिक व हायड्रोफ्लोरिक आम्ल असते. हायड्रोफ्लोरिक आम्ल कातडीतून आत शिरून प्राणघातक ठरू शकते. म्हणून हे काम सर्व साधने असलेल्या कारखान्यातच करवून घ्यावे, गावी करू नये. टाकी धुताना ब्लिचिंगचे द्रावण तिच्यात रात्रभर ठेवू नये, कारण त्यातील क्लोरीन रंगीत जोडावर प्रथम हल्ला करते.

टाकी घेताना पाहावयाच्या गोष्टी

वाळूज, चिकलठाणा व शेंद्रा या औद्योगिक वसाहतींमुळे जिल्ह्यात वेल्डिंगचे कसब मुबलक आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या वेल्डर अभ्यासक्रमातही टिग पद्धतीचा समावेश आहे. तेव्हा चांगले काम मागून घेणे हे घेणाऱ्याच्या हाती आहे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी दूध संस्थांच्या चालकांना पुढील गोष्टी समजावून द्याव्यात :

(१) पत्रा कमी कार्बनचा म्हणजे ३०४ एल व तार ३०८ एल आहे काय, हे विचारावे. कार्बन अधिक असल्यास उष्णतेने क्रोमियम त्याच्याशी बांधले जाते व जोडाशेजारी गंज लागतो.
(२) मागील बाजूस आर्गॉन भरला होता काय, हे विचारावे.
(३) दिवा व आरसा घेऊन आतील जोड पाहावा. टाकीत उतरण्याची गरज नाही.
(४) जोडावरून बोट फिरवून तो गुळगुळीत असल्याची खात्री करावी व मगच पैसे चुकते करावेत.

काळवंडलेला जोड त्याच दिवशी परत करणे थोडे गैरसोयीचे वाटेल. परंतु एका खराब जोडामुळे गावातील प्रत्येक घरचे दूध परत येण्यापेक्षा ती गैरसोय पत्करणे केव्हाही अधिक फायद्याचे ठरेल.