एक 'आर' कमी

कला शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकाविषयी लेख लिहावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु प्रस्तुत लेखाचा विषय वस्तुतः शुद्धलेखन हा आहे. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरबरोबर ज्या माहितीपुस्तिका असतात, त्यांच्या इंग्रजी मजकुरातील लेखनदोष सुधारण्याचे काम मी गेले वर्षभर फावल्या वेळात करीत आहे. हे काम किरकोळ आहे, स्पेलिंग बरे असलेल्या कोणालाही ते जमेल, अशी माझी प्रारंभी समजूत होती. ती कशी दूर झाली हे सांगावे, व त्या ओघात या कामाची थोडी माहिती द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

ज्या सॉफ्टवेअरची मूळ संहिता कोणालाही वाचता येते, बदलता येते व बदललेल्या स्वरूपात पुढे देता येते, त्यास मुक्तस्रोत सॉफ्टवेअर म्हणतात. लिनक्स, फायरफॉक्स, लिबर ऑफिस ही त्याची परिचित उदाहरणे. पुस्तिकेत चूक दिसली तर वाचकाला ती केवळ कळवून थांबावे लागत नाही. दुरुस्ती स्वतः करून पाठवता येते. या दुरुस्तीला 'पॅच' म्हणजे ठिगळ म्हणतात. त्यात जुनी ओळ उणे चिन्हाने व नवी ओळ अधिक चिन्हाने दाखवलेली असते. असे ठिगळ मूळ फाईलला आपोआप लावणारा प्रोग्रॅम लॅरी वॉल यांनी १९८५ साली लिहिला. आज बहुतेक ठिकाणी हे काम लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ साली सुरू केलेल्या 'गिट' या प्रणालीतून चालते.

जुन्या मराठी ग्रंथांच्या शेवटी जे शुद्धिपत्र असे, त्याचेच हे नवे रूप म्हणावयास हरकत नाही. फरक असा की, शुद्धिपत्र शेवटच्या पानावर पडून राही. पॅच स्वीकारला गेला तर मूळ मजकूरच बदलतो, आणि तो कोणी, केव्हा व का बदलला याची नोंद राहते. लिनक्सच्या गाभ्यासाठी पॅच पाठवणाऱ्याला तर खाली आपल्या नावाची सहीवजा ओळ लिहावी लागते, मग दुरुस्ती एका अक्षराची का असेना.

या पुस्तिकांतील चुका मला तीन प्रकारच्या आढळल्या.

पहिला प्रकार गद्यातील साध्या चुकांचा. 'रिसीव्ह' या शब्दात 'ई' आणि 'आय' यांची अदलाबदल होते, 'सेपरेट'मधील 'ए'च्या जागी 'ई' येतो. जाणता वाचक मनातल्या मनात दुरुस्ती करून पुढे जातो. परंतु पुस्तिकेत तो शब्द शोधू पाहणाऱ्याला तो सापडत नाही, आणि ज्याची मातृभाषा इंग्रजी नाही त्याला शब्दकोश उघडूनही उपयोग होत नाही. येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. शाळेत आपण 'कलर' हा शब्द 'यू' घालून शिकलो. अमेरिकन वळणाच्या पुस्तिकेत तो 'यू' नसतो. ती चूक नव्हे, आणि तेथे आपले ब्रिटिश वळण लादणे हे शुद्धलेखनही नव्हे.

दुसरा प्रकार आज्ञांतील चुकांचा. पुस्तिकेत छापलेली आज्ञा वाचक जशीच्या तशी उतरवून घेतो आणि यंत्र ती जशीच्या तशी पाळते. मनातल्या मनात दुरुस्त करणारे तेथे कोणी नसते. २०११ साली 'बंबलबी' नावाच्या एका मुक्त प्रकल्पाच्या स्क्रिप्टमध्ये फाईल पुसण्याच्या आज्ञेत चुकून एक रिकामी जागा पडली. एका सलग मार्गाचे दोन तुकडे झाले, आणि आतला एक लहान कप्पा पुसण्याऐवजी 'युएसआर' हा संपूर्ण कप्पा पुसला जाऊ लागला. लिनक्सचे बहुतेक प्रोग्रॅम त्यातच असतात. ही चूक पुस्तिकेतली नव्हती, हे खरे. पण पुस्तिकेतल्या आज्ञेत अशी जागा पडली तर परिणाम निराळा होणार नाही.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा. त्यातला शब्द चुकलेला दिसतो, पण तो सुधारायचा नसतो. माझी फजिती येथेच झाली.

एका लहान प्रकल्पाच्या पुस्तिकेत 'रेफरर' हा शब्द अकरा ठिकाणी आला होता आणि प्रत्येक ठिकाणी त्यात एक 'आर' कमी होता. शब्दकोशाप्रमाणे मध्ये दोन 'आर' हवेत. मी अकराही ठिकाणी तो घातला आणि मोठ्या समाधानाने पॅच पाठवला. दुसऱ्या दिवशी प्रकल्प सांभाळणाऱ्या गृहस्थांचे सौजन्यपूर्ण उत्तर आले. दोन ठिकाणची दुरुस्ती योग्य होती. उरलेल्या नऊ ठिकाणी तो शब्द नसून नाव होते, आणि माझा पॅच स्वीकारला तर पुस्तिकेवर विसंबून काम करणाऱ्या प्रत्येकाचे काम अडले असते.

मग मी त्या नावाचा इतिहास वाचला. एका वेबपानावरील दुव्यावरून आपण दुसऱ्या पानावर जातो, तेव्हा आपण कोठून आलो हे ब्राउझर त्या दुसऱ्या ठिकाणाला कळवू शकतो. ज्या ओळीत ते कळवले जाते, तिचे नाव 'रेफरर'. फिलिप हॅलम-बेकर यांनी ही कल्पना मांडली तेव्हा नावातला एक 'आर' गळला. युनिक्सवरील 'स्पेल' या शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रोग्रॅमला एक 'आर'चे रूपही ठाऊक नव्हते आणि दोन 'आर'चेही नव्हते, असे तेव्हाच्या चर्चेत नमूद आहे. मे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी १९४५ या दस्तऐवजात ते रूप तसेच आले. १९९९ च्या आरएफसी २६१६ मध्ये हे स्पेलिंग चुकले असल्याची कबुली आहे, पण नाव तेच ठेवले आहे. २०२२ च्या आरएफसी ९११० मध्येही तेच आहे. कारण असंख्य ब्राउझर आणि सर्व्हर परस्परांशी त्याच नावाने बोलतात. पुढे या ओळीवर नियंत्रण ठेवणारी 'रेफरर-पॉलिसी' ही दुसरी ओळ आली. तिच्यात मात्र दोन 'आर' आहेत. तेव्हा दोन्ही नावे पुस्तिकेत शेजारी शेजारी आली, तर एकात एक व दुसऱ्यात दोन 'आर' असणे हेच अचूक होय.

युनिक्समध्ये याहून जुना नमुना आहे. नवी फाईल निर्माण करणाऱ्या 'क्रिएट' या नावात शेवटचा 'ई' नाही. युनिक्स पुन्हा रचायचे झाल्यास काय बदलाल, या प्रश्नावर केन थॉम्पसन यांनी तो 'ई' घालीन असे उत्तर दिल्याची हकिगत कर्निघन व पाइक यांनी १९८४ च्या आपल्या ग्रंथात दिली आहे. जुने नाव आजही चालू आहे.

पाठचिकित्सेच्या तासाला ऐकलेली एक गोष्ट मला या वेळी आठवली. भांडारकर संस्थेने १९६६ साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत, व्याकरणाच्या नियमांत न बसणारी जुनी रूपे हस्तलिखितांचा आधार पाहून तशीच ठेवली आहेत. ती 'सुधारण्याचा' उद्योग मधल्या काळातील लेखनिकांनी केला होता. मीही त्यांच्याच पंगतीला जाऊन बसलो होतो!

दुरुस्तीचा एक परिणाम थेट आपल्या भाषेपर्यंत पोहोचतो. पडद्यावरील सूचनांचे आणि पुष्कळ पुस्तिकांचे भाषांतर 'गेटटेक्स्ट' या पद्धतीने होते. तीत मूळ इंग्रजी वाक्य ही किल्ली असते व तिच्यासमोर मराठी वाक्य लिहिलेले असते. इंग्रजीतले एक अक्षर बदलले तरी किल्ली बदलते. मग जुन्या मराठी वाक्यावर 'फझी' म्हणजे संदिग्ध अशी खूण पडते, आणि भाषांतरकार ते पुन्हा तपासून खूण काढीपर्यंत वाचकाला सामान्यतः मराठीऐवजी इंग्रजी वाक्य दिसते. याच कारणाने 'ग्नोम' या प्रकल्पात नवी आवृत्ती निघण्यापूर्वी काही काळ वाक्ये गोठवली जातात व परवानगीवाचून त्यांत बदल करता येत नाही. ज्या भाषेत भाषांतरकार मोजके, तिथे अवेळी केलेल्या दुरुस्तीचा भार अधिक पडतो.

यंत्राची मदत घेता येत नाही काय, असे कोणी विचारील. ती घेता येते. शब्दकोशाशी ताडून पाहणारा प्रोग्रॅम येथे फारसा उपयोगी नाही, कारण संहितेत नव्याने घडवलेली नावे शेकडो असतात व तो प्रत्येकावर बोट ठेवतो. म्हणून 'कोडस्पेल' हा प्रोग्रॅम उलट मार्ग धरतो. नेहमी होणाऱ्या चुकांचीच यादी तो जवळ बाळगतो आणि तेवढ्याच शोधतो. लिनक्सच्या गाभ्याबरोबरही अशी एक यादी असते. परंतु सापडलेली चूक गद्यातली आहे की नावातली, हा निर्णय शेवटी माणसालाच करावा लागतो.

तो निर्णय टाळून नुसत्या दुरुस्त्या पाठवल्या तर काय होते, हे २०२० साली दिसले. 'हॅक्टोबरफेस्ट' या उपक्रमात ऑक्टोबर महिन्यात चार दुरुस्त्या करणाऱ्यांना टी-शर्ट मिळत असे. त्या वर्षी एखादे विशेषण घालणाऱ्या, शीर्षक उगाच बदलणाऱ्या दुरुस्त्यांचा असा पूर आला की, संयोजकांना चालू महिन्यातच नियम बदलावे लागले. ज्या प्रकल्पांनी स्वतः सहभाग घेतला त्यांच्याचकडील दुरुस्त्या मोजल्या जाऊ लागल्या. प्रत्येक दुरुस्ती कोणाला तरी वाचावी लागते, ही गोष्ट पाठवणारे विसरले होते.

मी आता काही पथ्ये पाळतो. शब्द बदलण्यापूर्वी तो संहितेत इतरत्र कोठे येतो ते शोधतो. आज्ञा असेल तर आधी स्वतः चालवून पाहतो. एका जातीच्या चुका एकाच पॅचमध्ये पाठवतो. शंका असेल तर दुरुस्ती न पाठवता प्रश्न विचारतो.

मागील महिन्यात फाईलींच्या प्रती राखून ठेवणाऱ्या एका प्रोग्रॅमची पुस्तिका मी वाचत होतो. अमुक आज्ञा दिली असता जुन्या प्रती पुसल्या जातात, असे तीत म्हटले होते. स्पेलिंगची एकही चूक नव्हती, पण पुढच्या परिच्छेदाशी ते विधान जुळेना. एक रिकामा कप्पा तयार करून मी आज्ञा चालवून पाहिली. जुन्या प्रती जागच्या जागी होत्या. वाक्यातला 'नॉट' गळला होता. कोणत्याही यादीला ही चूक सापडली नसती, कारण उरलेले सर्व शब्द शुद्ध होते. माझा तीन अक्षरांचा पॅच त्याच आठवड्यात स्वीकारला गेला. परिच्छेद पुढेमागे पाहून अर्थ लावण्याची जी सवय आपल्याला वर्गात लावली जाते, तिचा असाही उपयोग आहे, हे माझ्या सहाध्यायांच्या ध्यानी यावे.