छपरावरील ॲस्बेस्टॉसचे पत्रे : घरात व शाळेत घ्यावयाची काळजी

धार व देवास ही माळव्यातील पवारांची जुनी संस्थाने. १९४८ साली ती मध्यभारतात विलीन झाली. तथापि मराठी कुटुंबे या दोन्ही शहरांत आजही नांदत आहेत. या भागातील जुन्या घरांवर कौले असत. माळव्याच्या बोलीत त्यांना कवेलू म्हणतात. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी कौले चाळावी लागत आणि माकडांच्या उपद्रवाने ती फुटत. त्यामुळे गंजत नाही, जळत नाही आणि स्वस्तात मिळतो असा सिमेंटचा पन्हाळी पत्रा बाजारात आला, तेव्हा लोकांनी त्याचे स्वागत केले. घरे, गोठे, शाळा, गोदामे व कारखान्यांच्या शेड यांवर तो चढला. या पत्र्यातील धोका कोणता व तो कसा टाळावा, याची माहिती प्रत्येक कुटुंबाला व प्रत्येक शाळेला असणे आवश्यक आहे.

पत्र्यात काय असते?

ॲस्बेस्टॉस हे खाणीतून निघणारे तंतुमय खनिज होय. पत्र्यात त्याचे प्रमाण सुमारे एक दशांश असते. बाकीचा भाग मुख्यतः सिमेंटचा असतो. सिमेंटमध्ये घट्ट बसलेले तंतू सहसा बाहेर पडत नाहीत. म्हणून छपरावर जागच्या जागी असलेला धड पत्रा पाहून घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु तोच पत्रा करवतीने कापला, त्याला भोक पाडले, तो आपटून फोडला किंवा तारेच्या ब्रशने घासला, की तंतू मोकळे होऊन हवेत मिसळतात. अनेक वर्षांच्या ऊनपावसाने पत्र्याचा पृष्ठभाग झिजला म्हणजेही ते सुटू लागतात. हे तंतू केसापेक्षा कितीतरी बारीक असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांना वास येत नाही व त्यांनी लगेच खोकलाही येत नाही.

श्वासावाटे फुप्फुसात खोलवर गेलेले तंतू विरघळत नाहीत. त्यांच्यामुळे फुप्फुस कठीण होऊन दम लागतो. या रोगास ॲस्बेस्टॉसिस म्हणतात. फुप्फुसाचा कर्करोग, तसेच फुप्फुसावरील आवरणाचा मेसोथेलिओमा नावाचा कर्करोगही त्यांमुळे होतो. धूम्रपान करणाऱ्यास फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका अनेक पटींनी वाढतो. ॲस्बेस्टॉसचे सर्व प्रकार कर्करोगकारक आहेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केले आहे. कामाच्या ठिकाणी झालेल्या संसर्गामुळे जगात दरवर्षी दोन लाखांहून अधिक माणसे मृत्यू पावतात, असा या संघटनेचा अंदाज आहे.

हा रोग बहुधा वीस ते चाळीस वर्षांनी प्रकट होतो. आज पत्रा कापणाऱ्या तरुणास त्याचे फळ उतारवयात भोगावे लागते. लंडनमध्ये १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मेसोथेलिओमाच्या रुग्णांमध्ये कामगारांबरोबरच त्यांच्या घरातील माणसेही आढळली. कामगाराच्या कपड्यांबरोबर धूळ घरी येत होती.

माळव्याचा जुना अनुभव

धुळीने फुप्फुस निकामी होते, हे माळव्याला नवीन नाही. शाळकरी मुलांच्या हाती येणारी पाटीवरची पेन्सिल मंदसौरच्या कारखान्यांत तयार होत असे. ती कापताना उडणाऱ्या दगडाच्या धुळीने तेथील अनेक कामगारांना सिलिकोसिस झाला. अखेर मध्यप्रदेशात १९८२ साली स्लेट पेन्सिल कामगारांच्या कल्याणनिधीसाठी कायदा करावा लागला.

पुढे धार, झाबुआ व अलीराजपूर भागांतील आदिवासी कुटुंबे मजुरीसाठी गुजरातमधील गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत गेली. त्यांच्यातील अनेक जण याच रोगाने दगावले. २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये द्यावेत, अशी शिफारस राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१० साली केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली त्याबाबत आदेश दिला. भरपाई मिळाली तरी गेलेला माणूस परत येत नाही. ॲस्बेस्टॉसची धूळ निराळी असली, तरी धडा एकच आहे : धूळ उडू न देणे हाच खरा इलाज होय.

कायद्याची स्थिती

पन्नासहून अधिक देशांनी ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली आहे. भारतात पांढऱ्या ॲस्बेस्टॉसच्या वापरावर सरसकट बंदी नाही व तो परदेशांतून आयात होतो. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी दिलेल्या निकालात आरोग्य हा कामगाराचा मूलभूत हक्क मानला. ॲस्बेस्टॉसचे काम करणाऱ्याच्या प्रकृतीची नोंद कामाच्या प्रारंभापासून चाळीस वर्षे, किंवा काम सुटल्यापासून पंधरा वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत जपून ठेवावी, असे न्यायालयाने सांगितले. रोग किती उशिरा उघड होतो, हे या मुदतीवरूनच ध्यानात यावे. केरळ राज्य मानवी हक्क आयोगाने २००९ साली शाळांवरील असे पत्रे टप्प्याटप्प्याने काढून कौले घालण्यास सांगितले.

घरात काय करावे?

पत्र्यात ॲस्बेस्टॉस आहे की नाही, हे नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. म्हणून जुना सिमेंटचा पत्रा ॲस्बेस्टॉसचाच आहे, असे समजून वागावे.

१. धड पत्रा विनाकारण हलवू नये. शेवाळ काढण्यासाठी तो खरवडू नये.

२. विजेच्या करवतीने पत्रा कधीही कापू नये. तो काढणे भागच असेल, तर पाण्याने भिजवावा, आकडे व बोल्ट सोडवून अखंड उतरवावा, वरून खाली टाकू नये.

३. पत्र्यावर पाय देऊन चालू नये. जुना पत्रा अकस्मात फुटतो व माणूस खाली कोसळतो.

४. पडलेला चुरा कोरड्या झाडूने झाडू नये. ओल्या फडक्याने टिपून फडक्यासह जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधावा.

५. तोंडाला रुमाल बांधणे पुरेसे नाही. सूक्ष्म धूळ अडविणारा मुखवटाच वापरावा. कामाचे कपडे घरात झटकू नयेत. भिजवून वेगळे धुवावेत.

६. फुटके तुकडे खड्ड्यात भर म्हणून घालू नयेत, चुलीला आडोसा म्हणून लावू नयेत, उकिरड्यावर फेकू नयेत. ते ओले करून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवावेत व विल्हेवाटीबाबत नगरपालिका, ग्रामपंचायत किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे विचारणा करावी.

शाळा व सार्वजनिक इमारती

शाळेच्या छपराची दुरुस्ती उन्हाळ्याच्या सुटीत, मुले नसताना करावी. काम संपल्यावर वर्ग ओल्या फडक्याने पुसून घ्यावेत. हे काम मुलांकडून करवून घेऊ नये. पत्र्याच्या तुकड्याने फरशीवर रेघोट्या ओढण्याचा मोह मुलांना होतो. शिक्षकांनी असे तुकडे आवारात राहू देऊ नयेत. अधिकाऱ्यांनी दुरुस्तीच्या कामाचा आदेश देतानाच पत्रे भिजवून अखंड काढण्याची अट घालावी व मजुरांना मुखवटे मिळतील याची तरतूद करावी. नवीन इमारतीसाठी कौले, स्लॅब, अथवा ॲस्बेस्टॉसविरहित पत्रे यांचा विचार करावा. ज्यांनी पूर्वी अशा कारखान्यांत किंवा पत्रे बसविण्याचे काम केले आहे, त्यांनी दम लागू लागताच डॉक्टरांकडे जावे व आपल्या जुन्या कामाची माहिती आवर्जून सांगावी. ती कळल्याशिवाय रोगाचे निदान चुकण्याचा संभव असतो.

छप्पर हे माणसाला ऊन, वारा व पाऊस यांपासून वाचविण्यासाठी असते. त्याची दुरुस्ती करणारा मजूर, त्याखाली शिकणारी मुले व घरी कपडे धुणारी गृहिणी या सर्वांचे आरोग्य, पत्र्याला हात लावण्यापूर्वी घेतलेल्या थोड्याशा काळजीवर अवलंबून आहे.