समुद्रतळाचा गाळ वाचणारं करिअर

मुलगी म्हणाली, "मला भूशास्त्रात बी.एस्सी. करून समुद्रावर संशोधन करायचंय," तर नांदगाव-मनमाडकडच्या बहुतेक घरांत लगेच प्रश्नांची सरबत्ती सुरू होईल. म्हणजे मर्चंट नेव्ही का? नोकरी कुठे मिळणार? दहा वर्षं शिकत बसली तर लग्नाचं काय? पालकांचे हे प्रश्न रास्त आहेत आणि त्यांना सरळ उत्तरं आहेत. पण आधी हे काम आहे तरी काय, ते समजून घेऊ. कामच माहीत नसेल तर पगाराचा आकडा ऐकून कुणाचंच समाधान होत नाही.

आपल्या तालुक्यातला पाऊस गिरणेला जातो, गिरणा तापीला मिळते आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्रात उतरते. डोंगररांगेच्या दक्षिणेला पडलेला थेंब मात्र गोदावरीतून थेट बंगालच्या उपसागराकडे जातो. पाण्याबरोबर मातीही जाते. तिच्यात परागकण असतात, पानांवरच्या मेणाचे अंश असतात, दगडाची झीज असते. समुद्रतळावर हा गाळ हजारो वर्षं थरावर थर साचत राहतो. भारतीय हवामान खातं 1875 साली सुरू झालं, म्हणजे पावसाच्या पद्धतशीर नोंदी जेमतेम दीडशे वर्षांच्या. त्याआधी दुष्काळ किती मोठे पडायचे, मॉन्सून कधी जोरात होता आणि कधी ढेपाळला, हे विचारायचं असेल तर या गाळाकडेच जावं लागतं.

याचं एक उदाहरण आपल्या गोदावरीचंच आहे. 2006 साली गॅस हायड्रेटच्या शोधमोहिमेत गोदावरीच्या मुखासमोर समुद्रतळातून गाळाचा एक गाभा काढला गेला. या मंडळींच्या बोलीत त्याला 'कोअर' म्हणतात. त्यातल्या पानांच्या मेणातला कार्बन तपासून 2012 साली एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीपासून गोदावरीच्या खोऱ्यात कोरड्या हवेत तगणाऱ्या वनस्पती वाढत गेल्या आणि सुमारे 1,700 वर्षांपूर्वी हवा आणखी कोरडी झाली, असं त्यातून दिसलं. टँकरची वाट पाहिलेल्या माणसाला हा विषय परका वाटायचं काहीच कारण नाही.

आता हे काम जवळून पाहू. जहाजावरून एक लांब पोलादी नळी विंचच्या दोरावर खाली सोडतात. आत प्लॅस्टिकची नळी, वर जड वजन. तीन किलोमीटर खोल पाण्यात ती तळाला पोचायलाच तासाभराच्या आसपास वेळ लागतो. ती तळात रुतते, गाळ भरून वर येते. वर आल्या आल्या पहिलं काम म्हणजे नळीवर बाण काढून वरची आणि खालची बाजू लिहिणं. ही खूण चुकली की काळच उलटा होतो आणि सगळी मेहनत वाया जाते. किनाऱ्यावर आल्यावर कोअर उभा चिरतात. एक अर्धा भाग जपून ठेवतात, दुसऱ्यातून सेंटिमीटर-सेंटिमीटरवर नमुने घेतात. नमुना 63 मायक्रॉनच्या चाळणीवर धुतला की चिखल वाहून जातो आणि रव्यासारखे बारीक पांढरे कण उरतात. त्यांतली बरीचशी असतात फोरामिनिफेरा, म्हणजे चुन्याचं कवच असलेल्या एकपेशीय जिवांची कवचं. मग सूक्ष्मदर्शकाखाली, ओल्या बारीक कुंचल्याच्या टोकानं, एकेक कवच उचलायचं, ओळखायचं, मोजायचं. एका नमुन्यातून साधारण तीनशे. आणि नमुने शेकडो.

पश्चिम अरबी समुद्रात ग्लोबिजेरिना बुलॉइडिस नावाची जात वाढलेली दिसली तर मॉन्सूनचे वारे तेव्हा जोरात होते असा अंदाज बांधतात, कारण वाऱ्यानं खालचं थंड, पोषक पाणी वर आलं की ही जात फोफावते. कवचातल्या ऑक्सिजनच्या जड आणि हलक्या अणूंचं प्रमाण मास स्पेक्ट्रोमीटरवर मोजलं की जुन्या पाण्याच्या तापमानाचा आणि ध्रुवांकडच्या बर्फाचा हिशेब लागतो. हिमयुगांचं वेळापत्रक पृथ्वीच्या कक्षेतल्या बदलांशी जुळतं, हे 1976 साली दाखवून दिलं गेलं तेही दक्षिण हिंदी महासागरातल्या कोअरवरूनच.

म्हणून पालकांनी मुलातला एकच गुण आधी पाहावा: एकटं बसून, कंटाळा न करता, बारीक काम नीट करण्याची चिकाटी. मार्क थोडे कमी असले तरी निभतं. चिकाटी नसेल तर पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी फार त्रास होतो.

या कामाचं मोठं ठिकाण म्हणजे गोव्यात दोना पावलाला असलेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेनंतर 1 जानेवारी 1966 रोजी ती स्थापन झाली. 'सिंधु साधना' हे तिचं संशोधन जहाज. वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. 2015 साली अरबी समुद्रातल्या लक्ष्मी खोऱ्यात जॉइडिस रिझोल्यूशन या जहाजावरून खोल छिद्रण झालं, तेव्हा त्या मोहिमेच्या दोन प्रमुख शास्त्रज्ञांपैकी एक, धनंजय पांडे, याच केंद्राचे होते. मनमाडहून गोवा एक्सप्रेस थेट वास्कोला जाते, हेही घरच्यांनी ध्यानात ठेवावं.

वाट अशी. बारावी सायन्स, शक्यतो गणित घेऊन. मग भूशास्त्रात बी.एस्सी.; पुण्यात फर्ग्युसनला हा विषय जुना आणि भक्कम आहे. रसायन, भौतिक किंवा प्राणिशास्त्र घेऊनही समुद्रशास्त्रात येता येतं, पण गाळाचं काम करायचं तर भूशास्त्राचा पाया बरा. पुढे एम.एस्सी. पुणे विद्यापीठातून, गोवा विद्यापीठातून किंवा जॅम परीक्षा देऊन आयआयटी मुंबईतून. ज्यांची बारावीतच तयारी चांगली आहे, त्यांना आयसर पुण्याचा पाच वर्षांचा अभ्यासक्रमही आहे. नंतर पृथ्वीविज्ञानातली सीएसआयआर-नेट आणि पीएच.डी.

पैशाचं स्पष्ट सांगतो. अनुदानित कॉलेजातलं बी.एस्सी. खाजगी इंजिनिअरिंगपेक्षा बरंच स्वस्त पडतं. नेटमधून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली की महिना 37,000 रुपये आणि घरभाडं, दोन वर्षांनी ते 42,000 होतात. 2023 पासूनचे हे दर आहेत. म्हणजे पंचविशीच्या आत-बाहेर मूल स्वतःच्या पायावर उभं राहतं, घरून पैसे पाठवावे लागत नाहीत. सीएसआयआरच्या प्रयोगशाळेत पीएच.डी.नंतर शास्त्रज्ञ म्हणून लागलं तर सातव्या वेतन आयोगानुसार मूळ वेतन 67,700 रुपयांपासून, वर भत्ते.

अडचण पगाराची नाही, जागांची आहे. कायम शास्त्रज्ञाच्या जागा थोड्या निघतात. पीएच.डी.नंतर दोन-तीन वर्षं, कधी जास्त, पोस्टडॉक, म्हणजे तात्पुरत्या नेमणुकीवर संशोधन, करत काढावी लागतात, त्यातली काही परदेशात. तिशी ओलांडली तरी कायम नोकरी नाही, असं होऊ शकतं. हे बारावीतच मुलाला सांगा, लपवू नका. मात्र याच शिक्षणाला वाटेत फाटे बरेच आहेत. भूशास्त्रात एम.एस्सी. झालं की यूपीएससीची भूवैज्ञानिक परीक्षा देऊन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात जाता येतं. त्यांचा सागरी विभागही आहे. ओएनजीसी भूवैज्ञानिक घेते, आणि तेलाच्या विहिरीतल्या खडकाचं वय ठरवायला तिथेही फोरामिनिफेराच उपयोगी पडतात. आपल्या राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे. विहिरींचं पाणी डिसेंबरातच तळ गाठणाऱ्या तालुक्यातल्या मुलाला तिथलं काम समजावून सांगावं लागणार नाही.

मुलींच्या पालकांना अदिती पंत यांचं नाव सांगतो. जन्म नागपूरचा, बी.एस्सी. पुणे विद्यापीठाची, पुढचं शिक्षण हवाई आणि लंडनला, मग गोव्याच्या संस्थेत संशोधन. 1983-84 च्या तिसऱ्या भारतीय मोहिमेतून त्या अंटार्क्टिकावर गेल्या. त्या आणि भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता या भारतीय मोहिमेतून तिथे जाणाऱ्या पहिल्या महिला. त्यांचा विषय समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींचा होता, गाळाचा नव्हे. पण जहाजावर बाई कशाला, हा प्रश्न त्यांच्या पिढीनं चाळीस वर्षांपूर्वीच निकालात काढला. आज मुली क्रूझवर जातात, रात्रपाळीला कोअर उतरवतात. लग्नाची घाई मात्र पीएच.डी.च्या मधल्या वर्षांत करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. किती हुशार मुलींचे प्रबंध तिथेच अडकतात.

अकरावी-बारावीतल्या मुलांसाठी या सुट्टीपुरतं एक काम. पावसाळ्याआधी जवळच्या बंधाऱ्याचा तळ उघडा पडला की काठाशी गाळाचा एक छोटा खड्डा उभा कापा, मोठं माणूस सोबत घेऊन. थर मोजा, जाडी पट्टीनं मापा, रंग लिहा, फोटोत पट्टी येऊ द्या. कुठला थर कुठल्या पुराचा असेल, हे गावातल्या जुन्या माणसांना विचारून ताडून पाहा. दोन दिवस हे काम करताना वेळ कसा गेला हे कळलंच नाही, तर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या वेबसाइटवर एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी कसं घेतात ते वाचा, आणि फर्ग्युसनच्या प्रवेशाच्या तारखा आई-वडिलांना दाखवा.