घरातील बिनतारी यंत्रणेचा प्रमुख नियंत्रक : निवड कशी करावी?

दाराचे कुलूप ही आपल्याकडे घरधन्याच्या अधिकाराची खूण मानली जाते. किल्ल्यांचा जुडगा ज्याच्या कमरेला, घर त्याच्या ताब्यात, इतका हा व्यवहार सरळ होता. गेल्या काही वर्षांत मोठ्या शहरांतील सदनिकांपासून तालुक्याच्या गावातील नव्या बंगल्यांपर्यंत बिनतारी संदेशाने उघडणारी कुलुपे बसविली जाऊ लागली आहेत. मुले परगावी वा परदेशी आणि घरी वृद्ध आईवडील, अशा कुटुंबांना या कुलपांचे विशेष आकर्षण वाटते. सायंकाळी दार लागले की नाही हे दूरवरून पाहता येते आणि प्रसंगी शेजाऱ्यासाठी ते उघडूनही देता येते. ही सोय खरी आहे. मात्र येथे किल्ली धातूची राहिलेली नाही. ती सांकेतिक आकड्यांची झाली असून, बहुतेक यंत्रणांत ती ज्या लहानशा पेटीत जतन होते त्या पेटीस ‘प्रमुख नियंत्रक’ म्हणतात.

कुलूप घेताना ग्राहक त्याचे पोलाद पाहतो, हमीची मुदत विचारतो, किमतीत घासाघीस करतो. नियंत्रकाकडे तो ‘सोबत मिळणारी डबी’ एवढ्याच दृष्टीने पाहतो. वस्तुतः हा क्रम उलटा असावयास हवा. कोणत्या जातीचे कुलूप चालेल, ते कितपत सुरक्षित राहील आणि कंपनीने उद्या धंदा गुंडाळला तर दारावर हुकूम कोणाचा चालेल, या प्रश्नांची उत्तरे बव्हंशी नियंत्रकावर अवलंबून असतात. यास्तव आधी नियंत्रक ठरवावा आणि मग कुलूप पाहावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

नोंदवही आणि कार्यभार

प्रमुख नियंत्रकाचे कार्य समजून घेण्यास झेड-वेव्ह ही पद्धती सर्वांत सोयीची. डेन्मार्कमधील झेन्सिस या कंपनीने ती विकसित केली व २०१८ साली ती अमेरिकेतील सिलिकॉन लॅब्ज या कंपनीकडे आली. या पद्धतीत प्रत्येक घराच्या जाळ्यास ३२ बिटांचा एक स्वतंत्र गृहक्रमांक असतो. तो प्रमुख नियंत्रकाकडून येतो. दिवा, पंख्याचे बटण, कुलूप असे जे जे उपकरण जाळ्यात यावयाचे, त्यास नियंत्रक आपल्या नोंदवहीत दाखल करून एक अनुक्रमांक देतो. नेहमीच्या जाळ्यात असे २३२ क्रमांक मावतात. एकदा नोंद झाली की ते उपकरण त्याच गृहक्रमांकाच्या आज्ञा मानते. शेजारच्या घरातील तशाच पेटीला ते दाद देत नाही.

एका जाळ्यात प्रमुख नियंत्रक एका वेळी एकच असतो. दुय्यम नियंत्रक कितीही ठेवता येतात व त्यांवरून दिवे लावता येतात, कुलूपही उघडता येते. परंतु नवी नोंद करण्याचा मूळ अधिकार प्रमुखाकडे असतो; त्याने तशी व्यवस्था लावून दिली असेल तरच दुय्यमास ते काम करता येते. अधिकार सोपविणे आणि अधिकार असणे यांतील हा फरक आपल्या वाचकवर्गास वेगळा समजावून सांगावयास नको.

निवड करताना पाहावयाची पहिली गोष्ट यातूनच निघते. बदली झालेला अधिकारी दप्तर, शिक्के व किल्ल्या यांची यादी करून कार्यभार सोपवितो, तसा प्रमुखपदाचा कार्यभार दुसऱ्या नियंत्रकाकडे देण्याची तरतूद झेड-वेव्ह पद्धतीत आहे. प्रत्यक्षात बाजारातील सर्वच पेट्या ही सोय ग्राहकाच्या हाती देत नाहीत. काही पेट्यांतील नोंदवहीची प्रत काढून संगणकावर सुरक्षित ठेवता येते, काहींची येत नाही. जिला कार्यभार सोपविता येत नाही आणि जिची प्रतही निघत नाही, अशी पेटी विजेच्या एका झटक्याने जळाली, तर घरातील प्रत्येक उपकरण जुन्या नोंदीतून वगळून नव्याने दाखल करावे लागते. पाच-सात उपकरणे असली तर एक सुटीचा दिवस जातो. चाळीस असली आणि घरात सत्तरीच्या पुढची दोनच माणसे असली, तर काय होईल याची कल्पना केलेली बरी. विक्रेत्यास याविषयी स्पष्ट विचारावे. ‘त्याची गरज पडत नाही’ हे उत्तर समाधानकारक मानू नये.

झिगबी या दुसऱ्या प्रचलित पद्धतीत हेच काम समन्वयक नावाचे उपकरण करते. जाळे उभारणे व त्याची सांकेतिक किल्ली वाटणे त्याच्याकडे असते. थ्रेड ही तुलनेने नवी पद्धती आहे. तिच्या जाळ्याचा प्रमुख त्यातील उपकरणेच आपसांत ठरवितात व तो बंद पडल्यास दुसरा त्याची जागा घेतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये मॅटर हे सामाईक मानक प्रसिद्ध झाले. त्याने एकच कुलूप एकाहून अधिक कंपन्यांच्या नियंत्रकांकडे नोंदविण्याची मुभा दिली आहे. एक नियंत्रक गेला तरी दुसऱ्याचा अधिकार अबाधित राहतो, ही मोठी सोय होय. आज नव्याने आरंभ करणाऱ्याने मॅटर चालणारा नियंत्रक घ्यावा हे योग्यच. मात्र घरात आधीची झेड-वेव्ह उपकरणे असतील तर त्यांना समजणारी बिनतारी व्यवस्था त्या पेटीत वेगळी असावी लागते, हे विसरू नये.

परदेशातून आणलेली पेटी

अमेरिकेतील मुलगा किंवा मुलगी सुटीत येताना नियंत्रक व कुलूप घेऊन येते, ही आता सर्वसाधारण गोष्ट झाली आहे. हेतू प्रेमाचा असतो; अडचण वारंवारतेची असते.

झेड-वेव्हची वारंवारता देशपरत्वे बदलते. अमेरिकेत ती ९०८.४ व ९१६ मेगाहर्ट्झ, युरोपात ८६८.४ आणि भारतात ८६५.२ मेगाहर्ट्झ आहे. आपल्या देशात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २००५ साली परवान्यातून मुक्त करण्यात आला व २०२१ च्या नियमांनी तो ८६८ पर्यंत वाढविण्यात आला. युरोपची पेटी या मर्यादेच्या किंचित बाहेर पडते. अमेरिकेच्या पेटीचे प्रकरण अधिक गंभीर आहे. ८९० ते ९१५ मेगाहर्ट्झ हा पट्टा आपल्याकडे भ्रमणध्वनीचा असून, ग्राहकाच्या हातातील फोन याच पट्ट्यातून मनोऱ्याकडे संदेश धाडतो. अमेरिकेसाठी बनविलेली पेटी येथे लावणे म्हणजे परवाना नसता त्या पट्ट्यात प्रक्षेपण करणे होय. शिवाय पुण्यात विकत घेतलेले भारतीय वारंवारतेचे कुलूप त्या पेटीस ऐकूच येणार नाही. दोन्ही उपकरणे उत्तम, दोन्हींवर झेड-वेव्हचे चिन्ह, आणि तरीही एकमेकांशी अबोला, असा प्रकार घडतो. म्हणून वेष्टनावर भारताची वारंवारता छापलेली पाहूनच खरेदी करावी आणि उपकरणास भारत सरकारच्या दूरसंचार विभागाच्या बिनतारी शाखेची मान्यता आहे का, हेही विचारावे.

झिगबी व थ्रेड यांचा हा प्रश्न येत नाही, कारण त्या २.४ गिगाहर्ट्झच्या सर्वत्र खुल्या पट्ट्यात चालतात. त्याच पट्ट्यात घरोघरचे वायफायही असते. पन्नास सदनिकांच्या इमारतीत ही गर्दी त्रासदायक होते. यास्तव ज्या नियंत्रकावर झिगबीची वाहिनी आपणांस बदलता येते तो पत्करावा. २५ वी वाहिनी वायफायच्या नेहमीच्या वाहिन्यांच्या वर असल्याने बहुधा मोकळी सापडते.

कुलपाची नोंद किती सुरक्षित?

दिव्याचा संदेश कोणी चोरून ऐकला तर फारसे बिघडत नाही. कुलपाची गोष्ट निराळी. झेड-वेव्हच्या जुन्या सुरक्षापद्धतीत, जिला एस-० म्हणतात, उपकरण प्रथम दाखल होताना त्यास दिली जाणारी किल्ली ज्या आवरणात गुंडाळलेली असे, ते आवरण सर्व घरांत सारखेच व सर्वांस ठाऊक असे. नोंदीच्या त्या काही क्षणांत जवळपास कोणी ऐकत बसला असेल तर किल्ली त्याच्या हाती पडे. एस-२ या नव्या पद्धतीने ही त्रुटी दूर केली व २ एप्रिल २०१७ पासून नव्याने प्रमाणित होणाऱ्या उपकरणांस ती सक्तीची झाली. तीत कुलपांसाठी वेगळी किल्ली असते, त्यामुळे एखाद्या स्वस्त दिव्यातून कोणी किल्ली काढलीच तरी तिने दार उघडत नाही. नोंद करताना कुलपावर छापलेले पाच अंकही भरावे लागतात.

तथापि २०१८ साली ब्रिटनमधील सुरक्षातज्ज्ञांनी असे दाखवून दिले की, नोंदीच्या वेळी हस्तक्षेप करून एस-२ चे कुलूप जुन्या एस-० पद्धतीने दाखल होण्यास भाग पाडता येते. नियंत्रकाची परीक्षा येथे होते. कुलूप कमी सुरक्षेने दाखल झाले तर चांगला नियंत्रक तसा इशारा देतो व प्रत्येक उपकरणापुढे त्याची सुरक्षापातळी दाखवितो. कुलूप बसवून देणारा माणूस घाईत असतो; पाच अंक भरण्याचा कंटाळा करून तो पुढे जातो. तो निघण्यापूर्वी ही पातळी आपल्या डोळ्यांनी पाहून घ्यावी.

हुकूम घरातून की परदेशातून?

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा अजून राहिला आहे. काही नियंत्रक आपले निर्णय स्वतःच घेतात. काही मात्र प्रत्येक आज्ञा इंटरनेटमार्गे कंपनीच्या दूरच्या संगणकाकडे पाठवून तेथून हुकूम आणतात. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

रिव्हॉल्व्ह नावाचा नियंत्रक अमेरिकेत विकला जात असे. २०१४ साली ती कंपनी नेस्टने घेतली आणि मे २०१६ मध्ये त्याची सेवा बंद करण्यात आली. पेट्या शाबूत होत्या, वीज होती, तरी त्या निकामी झाल्या. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑनचे संगणक अकस्मात बंद पडले व हजारो घरांतील मोबाईलवरचा ताबा सुटला. पुढे त्याच्या काही ग्राहकांनीच ती कंपनी घेऊन सेवा पुन्हा सुरू केली, हा भाग्याचा अपवाद. ऑगस्ट २०१७ मध्ये लॉकस्टेट या कंपनीने इंटरनेटवरून पाठविलेल्या एका सदोष सुधारणेमुळे सुमारे ५०० कुलपांचे कीपॅड बंद पडले; ती कुलुपे दुरुस्तीस पाठवावी किंवा बदलून घ्यावी लागली.

आपल्या गावी तर यासाठी कंपनी बंद पडण्याचीही गरज नाही. रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली तरी तोच परिणाम होतो. म्हणून पैसे चुकते करण्यापूर्वी एक सोपी परीक्षा अवश्य घ्यावी. इंटरनेटची तार काढून ठेवावी आणि घरातल्या घरात नियंत्रकावरून कुलूप लावून-उघडून पाहावे. काम झाले तर हुकूम घरातला आहे. झाले नाही, तर आपण यंत्र विकत घेतले असले तरी त्याचा उपयोग केवळ भाड्याने मिळाला आहे, असे समजावे. हबिटॅट किंवा होम असिस्टंट यांसारख्या नियंत्रकांची उभारणीच घरातल्या घरात चालण्याच्या तत्त्वावर झालेली आहे. त्यांतील होम असिस्टंट विनामूल्य असले तरी ते बसविण्यास थोडे तांत्रिक ज्ञान लागते.

विजेचाही विचार हवा. कुलूप स्वतः सेलवर चालते व बहुतेक कुलुपांत दाराचे आकडे कुलपातच साठविलेले असतात, म्हणून वीज गेली तरी कीपॅड चालतो. नियंत्रक मात्र भारनियमनात बंद पडतो. त्यास इन्व्हर्टरची जोड द्यावी, हे बहुतेकांना सुचते. मधल्या उपकरणांचे भान राहत नाही. झेड-वेव्हचा संदेश विजेवर चालणाऱ्या इतर उपकरणांकडून पुढे सरकत, चार टप्प्यांपर्यंत जातो. सेलवरची उपकरणे असा संदेश पुढे देत नाहीत. नियंत्रक माडीवर, कुलूप खालच्या लोखंडी दाराजवळ आणि त्यांच्यामधला एकमेव दुवा इन्व्हर्टरवर नसलेला, अशी मांडणी असेल तर वीज जाताच कुलूप एकाकी पडते. नियंत्रक शक्यतो दारापासून एक-दोन खोल्यांच्या आत ठेवावा, लोखंडी कपाटात कधीही ठेवू नये, आणि धातूच्या किल्लीची सोय असलेलेच कुलूप घ्यावे. ती किल्ली घरात न ठेवता विश्वासू शेजाऱ्याकडे द्यावी.

घर विकताना किंवा भाडेकरू बदलताना कुलूप नियंत्रकाच्या नोंदीतून रीतसर वगळावे व त्यातील सर्व आकडे पुसून टाकावेत. नव्या मालकाने घरात राहावयास जाण्यापूर्वी आपला नियंत्रक लावून कुलपाची नोंद नव्याने करून घ्यावी. जुन्या मालकाचा मोबाईल अजून ते दार उघडतो का, हे त्याच्यासमक्षच पाहून घेण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.