बंदिवानांची मुले व शिक्षकांचे कर्तव्य

आई अगर बाप तुरुंगात गेला म्हणजे शिक्षा एकास होते, परंतु तिचा भार घरातील लेकरांवर पडतो. अशी मुले पुष्कळदा आजोळी किंवा चुलत्याकडे राहावयास येतात व गावच्या शाळेत दाखल होतात.

सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निर्णयानुसार बंदिवान मातेजवळ मूल ६ वर्षांचे होईपर्यंतच राहू शकते. पहिलीत बसण्याचे वयही तेच. म्हणजे आईचा वियोग व शाळेचा आरंभ एकाच सुमारास येतो. तुरुंगात जन्मलेल्या मुलाचे जन्मस्थळ म्हणून तुरुंगाची नोंद करू नये, असेही त्या निर्णयात सांगितले आहे. शाळेच्या नोंदवहीतही हे पथ्य पाळावे. जन्मदाखला नाही, या सबबीवर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यान्वये प्रवेश नाकारता येत नाही.

मुलास सांभाळणारे कोणी नसेल, तर जिल्ह्याच्या बालकल्याण समितीस कळवावे. १०९८ या क्रमांकावर विनामूल्य दूरध्वनी करता येतो.

“तुझे वडील काय करतात?” हा साधा प्रश्नही अशा मुलास जड जातो. तो सर्वांसमक्ष विचारू नये. मुलाकडे कोणताही अपराध नाही, हे शिक्षकाच्या वागणुकीवरूनच वर्गास कळावे.